‘घरात याआधी कुणाला असा त्रास होता का?’

डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी त्याच खोलीत होते. समोर माझा जुना विद्यार्थी बसला होता, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. दीड महिन्यापासून कॉलेज बंद, चार-चार दिवस अंघोळ नाही, जेवणावर वासना नाही. विचारलं की म्हणायचा, ‘मॅडम, डोकंच चालत नाही.’ डॉक्टरांशी मराठीत नीट बोलायला कुणीतरी हवं म्हणून त्याच्या अम्मीने मला सोबत नेलं होतं. अब्बा लगेच म्हणाले, ‘नाही साहेब, आमच्या खानदानात असलं काही नाही.’ शेजारी बसलेल्या दादीने मान खाली घातली.

नैराश्यावरची गोळी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात मुलगा ‘बरा’ झाला, पण जरा जास्तच. रात्री दोन तास झोपायचा, दिवसभर बोलायचा, मित्रांकडून उसने पैसे घेऊन प्लॉटचा बयाणा देऊन आला, पहाटे मोटारसायकल घेऊन हायवेवर फिरायचा. पुन्हा डॉक्टरांकडे नेलं तेव्हा दादीच बोलली. थोरल्या चाचाला तरुणपणी असंच व्हायचं. कधी महिना महिना अंथरुणात, कधी सगळं गाव डोक्यावर. त्याच्यावर बरीच वर्षं उपचार चालू होते. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. सांगितलं नाही, कारण मुलाच्या बहिणीच्या रिश्त्याची बोलणी चालू होती.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी औषध वेगळं दिलं असतं.’ (मुलाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्या दिवसापासून हा विषय मी जमेल तसा वाचते, जाणकारांना विचारते. आपल्या घरांत याबद्दल दोन टोकाचे समज आहेत. एक म्हणजे ‘आमच्यात असलं काही नाही’, आणि दुसरा, ‘बापाला होतं, आता मुलाला होणारच.’ दोन्ही चूक आहेत.

वारसा कशाचा मिळतो?

आधी नावं समजून घेऊ. दोन-दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मन खचलेलं राहतं, कशातच रस वाटत नाही, झोप आणि भूक बिघडते, ते नैराश्य. कधी असं खचणं आणि कधी झोपेशिवाय ओसंडणारा उत्साह, बेफाम खर्च, मोठमोठ्या गोष्टी, तो बायपोलर म्हणजे द्विध्रुवीय विकार. कारण नसताना किंवा कारणाच्या मानाने फारच जास्त काळजी, धडधड, अचानक ‘आता जीव जातो’ असं वाटणं, हे चिंतेचे विकार.

हे तिन्ही घराण्यात चालतात, पण सारख्या प्रमाणात नाही. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला नैराश्याचा आजार असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता इतरांच्या दोन-तीन पट असते. बायपोलरमध्ये वारशाचा वाटा सगळ्यात मोठा आहे. एरवी हा आजार शंभरात एक-दोघांना होतो. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलांमध्ये शंभरात साधारण पाच ते दहा जणांना. आता हाच आकडा उलटा वाचा. बायपोलर असलेल्या आईच्या किंवा बापाच्या शंभर मुलांपैकी नव्वद किंवा त्याहून जास्त जणांना तो होत नाही.

जुळ्या भावंडांवरून हे आणखी स्पष्ट होतं. एकसारख्या जुळ्यांचा जनुकीय साचा जवळजवळ एकच असतो. त्यांच्यात एकाला बायपोलर असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता खूप वाढते, तरी अनेक जोड्यांत दुसरा आयुष्यभर ठणठणीत राहतो. सगळं रक्तातच लिहिलेलं असतं तर असं झालं नसतं. म्हणजे वारशाने मिळते ती कमजोर जागा. काहींच्या घराण्यात पाठीची कमजोरी असते, काहींच्या साखरेची, तशी ही. आजार उभा राहायला वर आणखी काही लागतं: लहानपणीचा मार, घरातला मृत्यू, कर्ज, बाळंतपण, महिनोन्महिने अपुरी झोप, नशा.

‘रक्तात आहे’ म्हणणारी माणसं

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात आमिश नावाचा एक ख्रिस्ती समाज आहे. घोडागाडी वापरणारे, साधे कपडे घालणारे, दारूपासून लांब राहणारे, मोठी कुटुंबं असलेले आणि आपापसातच लग्न करणारे. पिढ्यान्पिढ्यांच्या वंशावळी त्यांनी जपून ठेवलेल्या आहेत. मनाच्या आजाराबद्दल तेही म्हणतात, ‘हे रक्तात आहे.’ जॅनिस एगलँड या संशोधक बाईंनी 1970 च्या दशकापासून या समाजाचा अभ्यास केला. 1880 ते 1980 या शंभर वर्षांत तिथे 26 आत्महत्या झाल्याचं त्यांना आढळलं, आणि त्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश फक्त चार घराण्यांत होत्या. पण इतर काही घराण्यांत मनाचे आजार तितकेच दाट असूनही एकही आत्महत्या नव्हती. म्हणून घरात पूर्वी कुणी जीव दिला असेल, तर आजाराच्या नावासोबत तेही डॉक्टरांना वेगळं सांगायला हवं, कितीही जड वाटलं तरी.

याच आमिश घराण्यांवरून 1987 साली मोठी बातमी झाली की बायपोलरचा धागा 11 व्या गुणसूत्रावर सापडला. दोनच वर्षांत, त्याच घराण्यातली आणखी माणसं तपासल्यावर, तो दावा मागे घ्यावा लागला. पुढे 2003 मध्ये नैराश्याच्या एका जनुकाचा खूप गाजावाजा झाला. 2019 मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर तपासलं तेव्हा त्यालाही आधार मिळाला नाही. त्याच वर्षी नैराश्याशी संबंधित अशा 102 जागा जनुकांमध्ये नोंदल्या गेल्या, प्रत्येकीचा परिणाम अगदी रतीभर. थोडक्यात, आजाराचं एक जनुक नाही. म्हणूनच ‘रक्त तपासून मुलाला डिप्रेशन होईल का ते सांगा’ अशी खात्रीची चाचणीही नाही. कुणी ती विकत असेल तर पैसे वाचवा.

काळजी शिकवलीही जाते

चिंतेच्या बाबतीत एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार पटली. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या माहितीवरचा 2015 चा एक अभ्यास आहे. आई-बापांची चिंता मुलांकडे जनुकांपेक्षा घरातल्या वागण्यातून जास्त जाते, असं त्यात दिसलं. वर्गात हे रोज दिसतं. सहलीचा फॉर्म दिला की काही मुलं अम्मीला न विचारताच म्हणतात, ‘नको मॅडम, काही झालं तर?’ हे वाक्य मुलाचं नसतं. तो ते घरातून ऐकून आलेला असतो.

पण म्हणून लगेच आईला दोष देऊ नका. (आपल्याकडे तेवढं मात्र पटकन होतं.) काळजीने पोखरलेल्या आईला आधी स्वतःला उपचार हवे असतात. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्य असलेल्या आयांवर औषधोपचार केले गेले. तीन महिन्यांत ज्या आया बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांचा त्रासही कमी झाला, मुलांना वेगळं काही न देता. ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या मुलांचा त्रास वाढला. ‘आधी मुलांचं बघू, माझं काय’ म्हणणाऱ्या प्रत्येक अम्मीला हे सांगावंसं वाटतं.

असर, सावट आणि डॉक्टर

‘बाहेरचं काही असेल’ म्हणून आमिलकडे फेऱ्या आणि सहा महिने वाया, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. दुआ आणि नमाजेने मनाला आधार मिळतो, तो घ्यावाच. पण आपल्याच इतिहासात नवव्या-दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी यांनी दुःखाचे दोन प्रकार लिहून ठेवले: एक, ज्याचं कारण माणसाला ठाऊक असतं, दुसरं, ज्याचं कारण दिसत नाही. या दुसऱ्याचं मूळ त्यांनी शरीरात शोधलं आणि त्यावर शरीराचे उपचार सुचवले. हजार वर्षांपूर्वी हे मान्य करताना त्यांच्या ईमानला धक्का बसला नाही.

रिश्ता आणि रक्त

आता अवघड भाग. मुलीचा रिश्ता मोडेल म्हणून लपवायचं, ही भीती खोटी नाही. मोडतातही. पण लपवून झालेल्या निकाहानंतर पहिल्या बाळंतपणात आजार उलटला, तर तेव्हा सासरी कुणाला काहीच माहीत नसतं आणि गोळ्याही बंद केलेल्या असतात. बायपोलर असलेल्या बाईसाठी बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. गल्लीभर सांगू नका, पण नवऱ्या मुलाला आणि डॉक्टरांना माहीत हवं. आणि मुलाकडच्यांनीही विचारताना ‘आजार आहे का?’ इथेच थांबू नये. उपचार चालू आहेत का, किती वर्षं तब्येत स्थिर आहे, हे विचारावं. मला विचाराल तर नियमाने गोळी घेणारा माणूस, न दाखवता रोज घर हादरवणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला.

चुलत-मामेभावंडांतल्या लग्नांबद्दल हमखास विचारलं जातं. उत्तर आयर्लंडमध्ये साडेतीन लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींवर 2018 साली एक अभ्यास झाला. सख्ख्या चुलत किंवा मामेभावंडांच्या लग्नातून जन्मलेल्यांना नैराश्य किंवा चिंतेची औषधं लागण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे तिप्पट दिसली. एका अभ्यासावरून घाबरायचं कारण नाही, पण दोन्हीकडे तेच खानदान आणि त्यात आजार ठळक असेल, तर बोलणी पुढे नेण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

डॉक्टरांना काय सांगायचं

कुणाला, कोणत्या वयात, कोणता त्रास झाला. खचणं होतं की उत्साहाचे झटकेही होते. घरात बायपोलर असेल तर नुसत्या नैराश्याच्या औषधाने काहींची तब्येत उलट्या टोकाला जाते. म्हणून ही माहिती सगळ्यात महत्त्वाची. आणि कोणत्या गोळीने कुणाला गुण आला तेही सांगा. लिथियमचा चांगला गुण येणं घराण्यात चालताना दिसतं, त्यामुळे चाचाची जुनी चिठ्ठी पुतण्याच्या कामी येऊ शकते. लिथियम चालू असलेल्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटावं, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं आणि सहरीसाठी झोप मोडली की आजार उसळू शकतो. मनाने गोळी बंद करू नये, मनाने रोजाही ठरवू नये.

बाहेर कळेल ही भीती असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत, पण सुरुवात जिल्हा रुग्णालयातूनही करता येते. कुठे जावं कळत नसेल तर टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

तो मुलगा आता एम.एस्सी. करतोय. बहिणीचा निकाहही झाला, चाचाबद्दल सांगूनच. आणि मी मागच्या उन्हाळी सुट्टीत अम्मीजवळ बसून आमच्या घराण्याचं एक पान लिहून काढलं. नाना: वर्षातून दोनदा कोपऱ्यात बसायचे, उपचार नाही. खाला: बाळंतपणानंतर वर्षभर. मी: दोन वर्षं धडधडीचे झटके, औषधाने बऱ्या. अम्मीने पहिल्यांदाच सांगितलं की तिलाही तसं होतं. ते पान मुलीच्या फाईलमध्ये लसीकरणाच्या कार्डामागे लावलं आहे.