विजेच्या सायकलीची बॅटरी : असमतोलाची पारख व उपाय

बॅटरी हा शब्द आपण एकवचनी वापरतो. परंतु विजेच्या सायकलीची बॅटरी म्हणजे पुष्कळ लहान घटांचा एक समूह होय, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. समूहाचे जे नियम असतात ते तिलाही लागू पडतात. समूहातील एक जण मागे पडला म्हणजे सगळा समूह अडतो, आणि बाहेरून पाहणारा सगळ्यांनाच नालायक ठरवतो. या लेखात आम्ही तो मागे पडलेला एक कसा शोधावा, आणि शोधल्यावर काय करावे, एवढेच सांगणार आहोत.

व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे. आज शहरात घरोघर जेवण, किराणा व पार्सले पोचवणारी मुले विजेच्या सायकलींवर फिरतात. त्यांची मिळकत दिवसात किती फेऱ्या झाल्या यावर ठरते. अशा मुलाची सायकल निम्म्या वाटेवर बंद पडू लागली की तो दुकानात जातो. दुकानदार पॅक हातात घेतो, चार्जर लावतो, काढतो आणि निकाल देतो, “बॅटरी गेली. नवी घ्या.” नवी बॅटरी म्हणजे त्या मुलाला कर्ज. कामगारांत वावरणाऱ्या आम्हा मंडळींना या निकालात एक ओळखीची गोष्ट दिसते : चौकशीशिवाय बडतर्फी. बॅटरी खरोखर गेली असेल तर नवी घ्यावीच लागेल. पण आधी मोजमाप झाले पाहिजे, आणि ते मोजमाप अवघड नाही.

आता आत काय असते ते पाहू. लिथियम-आयन घट १९९१ साली जपानमध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणला. त्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सायकलीच्या पॅकमध्ये बहुधा बोटाएवढे गोल घट असतात. कारागीर त्यांना ‘सेल’ म्हणतात, तोच शब्द आपणही वापरू. एका सेलचा दाब सरासरी ३.६ ते ३.७ व्होल्ट, आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. ज्याला बाजारात ४८ व्होल्टचा पॅक म्हणतात त्यात सेलांचे १३ गट एकापुढे एक जोडलेले असतात. म्हणून पूर्ण भरलेल्या पॅकचा दाब १३ गुणिले ४.२, म्हणजे ५४.६ व्होल्ट होतो, आणि चार्जरवरही हाच आकडा छापलेला असतो. प्रत्येक गटात चार-पाच सेल शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून जोडलेले असतात.

स्लॅब टाकताना घमेल्यांची रांग लागते ती सर्वांनी पाहिली आहे. तेरा ठिकाणी माणसे उभी असतात आणि घमेले एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. एका ठिकाणी चार माणसे मिळून काम करत असली तर त्या ठिकाणची ताकद वाढते. हा शेजारचा जोड. परंतु तेराही ठिकाणांतून जाणारे घमेले तेच. हा पुढचा जोड. तेरापैकी एका ठिकाणची माणसे थकली की रांग तिथे थांबते, मग बाकी बारा ठिकाणी कितीही दम शिल्लक असो.

या रांगेवर एक मुकादम नेमलेला असतो. तो म्हणजे पॅकच्या आतील नियंत्रक पट्टी. कारागीर तिला ‘बीएमएस’ म्हणतात. प्रत्येक गटापासून एक बारीक तार तिच्याकडे येते आणि त्या तारेवरून ती त्या गटाचा दाब पाहते. एखादा गट ४.२५ व्होल्टच्या आसपास चढला की ती चार्जिंग तोडते, एखादा २.८ च्या आसपास उतरला की मोटारीचा पुरवठा तोडते. हे आकडे पट्टीपरत्वे थोडे बदलतात. तिचे दुसरे काम समतोल राखण्याचे. जो गट सर्वांत आधी भरतो त्याची थोडी वीज ती एका लहान रोधकातून उष्णतेच्या रूपाने जिरवते, म्हणजे मागचे गट त्याला येऊन मिळतात. पण हे काम ती बहुधा चार्जिंगच्या अगदी शेवटीच करते, आणि अतिशय सावकाश करते.

किती सावकाश, त्याचा हिशेब करून पाहा. गटाची क्षमता १० अँपिअर-तास धरू आणि गटागटांत ५ टक्क्यांचा फरक पडला आहे असे समजू. म्हणजे अर्धा अँपिअर-तास. जिरवण्याचा प्रवाह ५० मिलिअँपिअर असेल तर हा फरक निघायला दहा तास लागतील. जो मुलगा दोन पाळ्यांच्या मधे तासभर चार्जर लावतो आणि ८० टक्क्यांवर काढून पळतो, त्याच्या पॅकला समतोल साधण्याची वेळच मिळत नाही. विश्रांतीशिवाय राबवल्याचा परिणाम यंत्रावरही होतो तो असा.

असमतोलाची लक्षणे दोन. पहिले, चार्जरचा दिवा लवकर हिरवा होतो, पण पॅकचा एकूण दाब ५४.६ पर्यंत पोचत नाही. समजा बारा गट ४.१० वर आहेत आणि एक ४.२५ वर गेला. पट्टीने चार्जिंग तोडले. बेरीज ५३.४५ व्होल्ट. दुसरे लक्षण, काट्यावर बॅटरी शिल्लक दिसत असता चढावर सायकल एकदम बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू होते. बारा गट ३.५ वर आणि एक २.८ वर आला तर बेरीज ४४.८ व्होल्ट, काटा बेरीज पाहतो, मुकादम मात्र एकेकाला पाहतो.

पॅकच्या बाहेरून एकूण दाब मोजणे एवढी पहिली परीक्षा कोणालाही साध्या मल्टिमीटरने करता येईल. पॅक उघडण्याचे काम मात्र शिकलेल्या कारागिराचेच. आत ५४ व्होल्ट आणि प्रचंड प्रवाह देण्याची ताकद आहे. हातातील अंगठी किंवा निसटलेला पेचकस दोन पट्ट्यांना एकदम लागला तर धातू वितळतो. कारागिराने अंगठी-घड्याळ काढून, हत्यारांना इन्सुलेशन टेप गुंडाळून, तेराही गटांचा दाब एकेक करून मोजावा आणि कागदावर लिहावा. एकदाच मोजून भागत नाही. पूर्ण भरून तासभर विसावल्यावर, बंद पडण्याच्या सुमारास, मोटार ओढत असताना, आणि नुसती ठेवून तीन-चार दिवसांनी, असे चार वेळा मोजावे.

हे चार आकडे शेजारी शेजारी मांडले की रोग आपोआप बोलू लागतो. एखादा गट भरल्यावरही मागे आणि रिकामा होतानाही मागे असेल, तर त्याचे सेल बहुधा शाबूत आहेत. तो केवळ कमी भरलेला आहे. भरल्यावर इतरांच्या बरोबरीने असून रिकामा होताना सर्वांत आधी कोसळत असेल, तर त्याची क्षमता घटली आहे. विसावलेला असताना बरोबर, पण भार येताच खाली जात असेल, तर त्याचा अंतर्गत रोध वाढला आहे किंवा पट्टीचा एखादा जोड सुटला आहे. आणि समतोल साधून ठेवल्यावर दोन-चार दिवसांत आपोआप उतरत असेल, तर वीज कुठेतरी गळते आहे.

गळती सेलात की नियंत्रक पट्टीत, हेही ठरवता येते. पट्टीकडे जाणाऱ्या बारीक तारांचा जोड काढून पॅक तसाच ठेवावा. या काळात तो वापरू नये व चार्जही करू नये, कारण पहारा उठलेला असतो. तरीही गट उतरला तर दोष सेलात. उतरला नाही तर दोष पट्टीत. तिचा जिरवण्याचा रोधक अडकून अखंड चालू राहिला असण्याचा संभव असतो. याखेरीज एक फसवी अवस्था आहे. पट्टीला एक गट चढलेला व लगतचा तितकाच उतरलेला दिसतो, पण सेलांवर थेट मोजल्यास दोन्ही ठीक असतात. तेव्हा दोघांमधील बारीक तार सैल असते. असा पॅक भंगारात घालणे म्हणजे हजेरीपटातील चुकीवरून माणसाला काढून टाकणे होय.

आता उपाय. भरून विसावलेल्या पॅकमध्ये सर्वांत वरचा व सर्वांत खालचा गट यांत दोन-तीन शतांश व्होल्टचा फरक असेल तर चिंता नको. एक दशांश किंवा अधिक असेल तर लक्ष घालावे. गट केवळ कमी भरलेला असेल तर मूळ चार्जर लावून, दिवा हिरवा झाल्यावरही काही तास, कोणीतरी जागे व जवळ असताना पॅक तसाच जोडून ठेवावा, आणि असे काही दिवस करावे. फरक मोठा असेल तर कारागिराने ४.२ व्होल्टच्या एका सेलच्या चार्जरने तेवढाच गट सावकाश भरून इतरांच्या बरोबरीला आणावा. क्षमता घटलेला गट मात्र भरून सुधारत नाही. तो सबंध गट बदलावा लागतो, आणि तोही इतरांच्या क्षमतेशी जुळणाऱ्या सेलांनी. पॅक सर्वत्र झिजलेला असेल तर ठिगळ लावण्यात अर्थ नाही. तिथे दुकानदाराचा निकाल आम्हीही मान्य करू.

काही गोष्टी मात्र कधीही करू नयेत. पट्टी वारंवार तोडते म्हणून तिला वळसा घालून तारा थेट जोडू नयेत. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा भरू नये; त्याच्या आतील तांबे विरघळून आत शॉर्ट होण्याचे भय असते. फुगलेला, गोडसर वास येणारा किंवा न वापरता गरम होणारा पॅक चार्जरला लावू नये. जिन्यात किंवा खोलीच्या एकमेव दाराशी बॅटरी चार्ज करू नये, कारण आग लागली तर तीच वाट बंद होते. एका खोलीत आठ-दहा मुले राहतात आणि रात्री तितकेच पॅक एका पट्टीवर लागतात, हे आम्ही पाहतो; तेव्हा हा धोका एकट्याचा राहत नाही. आग लागलीच तर सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ वर अग्निशमन दलाला बोलवावे.

पॅक लोह-फॉस्फेट जातीचा असेल तर वरील आकडे लागू नाहीत. त्याचा सेल ३.६५ व्होल्टला भरतो, आणि मधल्या पट्ट्यात त्याचा दाब जवळजवळ बदलतच नाही. म्हणून त्याचा असमतोल अगदी भरताना किंवा अगदी रिकामा होतानाच दिसतो.

२०२२ साली देशात विजेच्या दुचाकींना आगी लागल्या, तेव्हा केंद्र सरकारने एआयएस १५६ या मानकातील बॅटरीच्या अटी कडक केल्या. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. त्याच वर्षीच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पण जुन्या सायकलीवर मोटार बसवून गल्लीत जुळवलेला पॅक त्या चाचण्यांतून गेलेला असेलच असे नाही. कायदा दारापर्यंत येतो. आत काय आहे ते आपणच मोजले पाहिजे.

म्हणून सायकल वापरणाऱ्यांना व त्यांच्या संघटनांना आमचे सांगणे एकच आहे. बॅटरी बाद ठरवणाऱ्याकडे, मग तो दुकानदार असो की सायकल भाड्याने देणारा मालक, तेरा गटांचे तेरा आकडे लेखी मागा. भरल्यावरचे वेगळे आणि भाराखालचे वेगळे. जो हे आकडे देईल त्याचा निकाल शांतपणे ऐका. जो देणार नाही त्याला पैसे देऊ नका, आणि पगारातून कापूही देऊ नका. दहा-पंधरा जणांनी मिळून एक चांगला मल्टिमीटर घ्यावा, एकाने कारागिराकडे बसून मोजणे शिकावे, आणि प्रत्येक पॅकची एक वही ठेवावी. या वहीला खर्च फार थोडा. पण वाद उभा राहील त्या दिवशी तिच्यातले आकडेच तुमच्या बाजूने साक्ष देतील.