सीमा सत्तावीस पैशांची

महाराष्ट्रातल्या कुंभवली नाक्यापासून गुजरातचं वापी सत्तरेक किलोमीटर. इकडे तारापूरची एमआयडीसी, तिकडे जीआयडीसी; औषधं, रंग, रसायनं दोन्हीकडे. कारखाने सारखे, कामं सारखी, त्यामुळे शिफ्ट सुटली की नोकरी बदलण्याच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं, ‘तिकडे टॅक्स कमी पडतो म्हणे.’ हे ‘म्हणे’ एकदा पैशापर्यंत मोजून बघू.

आधी प्राप्तिकर. शेती सोडून इतर उत्पन्नावरचा कर घटनेने केंद्राकडे दिला आहे, राज्याला त्यात बोट घालता येत नाही. १८ लाख पगाराच्या इंजिनीअरला २०२५-२६ साली नव्या पद्धतीने, ७५ हजारांची प्रमाणित वजावट घेऊन आणि ४ टक्के उपकर धरून, १,५०,८०० रुपये भरावे लागतात. कुंभवलीत राहिला तरी तेवढेच, वापीत गेला तरी तेवढेच. पगार १२,७५,००० च्या आत असेल तर दोन्हीकडे शून्य. ऑपरेटर, फिटर, हेल्पर, पॅकिंगला बसणाऱ्या बाया यांचा हिशेब या शून्यातच संपतो.

मग राज्याच्या हातात काय? व्यवसाय कर. पगाराच्या पावतीवर ‘पी.टी.’ नावाची जी बारकी कपात असते ती. महाराष्ट्रात १० हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचे अकरा महिने २०० रुपये कापतात आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००. गुजरातेत १२ हजारांवर पगार असला की महिना २००, म्हणजे वर्षाला २,४००. दोन राज्यांच्या सीमेची किंमत वर्षाला १०० रुपये. रोजचे सत्तावीस पैसे!

फेब्रुवारीतल्या त्या जादा शंभराचं कारण घटनेतच आहे. कलम २७६ नुसार कुठल्याही राज्याला हा कर वर्षाला २,५०० च्या वर नेता येत नाही आणि महाराष्ट्र त्या छताला डोकं टेकून उभा आहे. आधी ही मर्यादा २५० होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती दहापट केली. गंमत पुढे आहे. प्राप्तिकर खात्याच्याच महागाई निर्देशांकाने मोजलं, तर १९८८-८९ पासून आजवर महागाईही सुमारे दहापटच झाली. म्हणजे आजचे २,५०० हे त्या वेळचे २५०. दहापट वाढलेली मर्यादा सदतीस वर्षांत महागाईने गिळून पुन्हा होती तिथे आणून ठेवली.

बाईमाणूस कमावतं असेल तर पारडं फिरतं. महाराष्ट्रात २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. २० हजार पगाराच्या बाईची कपात कुंभवलीत शून्य, वापीत २,४००. ‘तिकडे टॅक्स कमी’ हे वाक्य तिच्यापुरतं तरी साफ उलटं आहे.

आता तोंडात बोट घालायला लावणारे आकडे. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातून प्रत्यक्ष कर जमा झाला सुमारे ७ लाख ६० हजार कोटी, गुजरातेतून सुमारे ९३ हजार कोटी. पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब असते. महाराष्ट्राच्या रकमेच्या पाचशेच्या नोटा एकापुढे एक मांडल्या तर रांग जवळजवळ २३ लाख किलोमीटर होईल, म्हणजे चंद्रावर जाऊन-येऊन तीन फेऱ्या. गुजरातची रांग पावणेतीन लाखांच्या जरा पुढे जाऊन थांबेल. चंद्र अजून लाखभर किलोमीटर लांबच.

यावरून महाराष्ट्राचा माणूस आठपट कर भरतो असं कोणी समजू नये. कंपनीचा कर जमा होतो तो तिच्या नोंदणीच्या पत्त्यावर, आणि मोठ्या कंपन्यांचे पत्ते मुंबईचे. बॉयलर वापीत पेटलेला असला आणि हेड ऑफिस मुंबईत असलं, तर कर महाराष्ट्राच्या खाती दिसतो. वाटपाच्या वेळी मात्र हा पत्ता कोणी विचारत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना द्यायच्या दर शंभर रुपयांतले ६ रुपये ३२ पैसे महाराष्ट्राला दिले आणि ३ रुपये ४८ पैसे गुजरातला. वसुलीत आठपट, वाटपात दुपटीपेक्षाही कमी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख आणि गुजरात ६ कोटी ४ लाख होता. वाटप या प्रमाणाच्याच आसपास येऊन बसलं.

तेव्हा लाख कोटींची ही भाषा मुंबईची. नाक्यावरच्या माणसाला सीमा जाणवते ती पेट्रोल पंपावर. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ रुपये ५० पैसे होतं तेव्हा अहमदाबादेत साडेचौऱ्याण्णवच्या आसपास. फरक राज्यांच्या व्हॅटचा, लिटरमागे ९ रुपये. महिन्याला २० लिटर जाळणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे वर्षाला २,१६० रुपये. व्यवसाय करातले शंभर वाचवून एवढे जमवायचे तर जवळजवळ बावीस वर्षं लागतील. डिझेल मात्र दोन्ही शहरांत नव्वदीच्याच घरात होतं, तिथे फरक पैशांतला. दुचाकीवाल्याला दिसणारी सीमा ट्रकवाल्याला जवळपास दिसतच नाही.

गाडी घेताना ती आणखी मोठी होते. १० लाखांच्या पेट्रोल कारवर महाराष्ट्राचा रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे १ लाख १० हजार; गुजरातेत ६ टक्के, म्हणजे ६० हजार. फरक ५० हजारांचा, व्यवसाय कराच्या मापाने पाचशे वर्षांचा! म्हणून तिकडची गाडी इकडे आणून वापरावी म्हटलं, तर बारा महिन्यांनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ आडवं येतं: नवा नंबर घ्या, इथला कर भरा.

आणि भाडं. वापीत खोलीला कुंभवलीपेक्षा महिना ५०० रुपये जास्त मोजावे लागले, तर वर्षाचे ६,००० गेले. व्यवसाय करातली साठ वर्षांची बचत एका वर्षात साफ. दुसऱ्या बाजूने तसेच ५०० वाचले तर तेवढाच फायदा. घरमालकाशी घासाघीस करून महिन्याला ९ रुपये जरी कमी करून घेतले, तरी वर्षाचे १०८ होतात. दोन राज्य सरकारांनी मिळून व्यवसाय करात ठेवलेल्या फरकापेक्षा आठ रुपये जास्तच.