खजिना डॉट पावणे

रविवारचं आपलं ठरलेलं असतं. उशिरा उठायचं, मग वाशीचा मॉल, मल्टिप्लेक्स आणि वर एक कॉफी. बोअर नाही होत? मग हा हटके फंडा ट्राय करा : जिओकॅशिंग! म्हणजे लहानपणीचा ‘खजिना शोध’च, फक्त चिठ्ठ्यांच्या जागी हातात जीपीएस.

सुरुवात २००० सालची. २ मे रोजी अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद केली. तोवर शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारं यंत्र एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आलं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगॉनच्या रानात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत वही, पेन्सिल, गलोल आणि चक्क बीन्सचा डबा! फंडा सिंपल : काही घ्या, काही ठेवा, वहीत नाव लिहा.

याचाच डोकेबाज भाऊ म्हणजे पझल कॅश. त्यात दिलेला पत्ता खोटा असतो. आधी कोडं सोडवायचं, मग खरे आकडे मिळतात. खरा डबा दिलेल्या पत्त्यापासून साधारण ३ किलोमीटरच्या आत हवा, असा जगभरचा नियम आहे.

एमआयडीसीत खजिना?

माझं ऑफिस पावण्याच्या एमआयडीसीत. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाणे-बेलापूर रोड आणि कोपरखैरण्यापलीकडे खाडी. लंच टाइमला आमच्या ग्रुपनं ठरवलं, कोडं पावण्यात आणि शेवट खाडीकाठच्या हिरवळीत. म्हणजे कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान. एकेकाळच्या डंपिंग ग्राउंडवर उभी राहिलेली बाग, यापेक्षा भारी खजिना कुठला?

कोड्यात तीन प्रश्न. सिडकोची स्थापना कधी झाली? नवी मुंबई महापालिका कधीची? ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य कधी जाहीर झालं? उत्तरं १९७०, १९९२ आणि २०१५. शेवटचे आकडे घ्या : ०, २, ५. हे झाले अक्षांशातल्या मिनिटांचे दशांश. यातला शेवटचा आकडा एकानं चुकला तर फरक जेमतेम दोन मीटरचा. पण क्रम उलटा लावून ०२५ चं ५२० केलंत, तर थेट नऊशे मीटर उत्तरेला! गणितात कच्चं असणाऱ्यांचा व्यायाम फुकटात.

पण डबा कुठे ठेवायचा?

इथे आमची गाडी अडली. जागा बघायला झाडाखाली वाकलो होतो, तोच वॉचमन काका आले.

“काय शोधताय पोरांनो?”

“काका, एक डबा लपवायचाय. गेम आहे.”

“डबा? इथे? अहो, उद्या कुणी बघितला तर पोलीस येतील, सगळी बाग रिकामी करावी लागेल!”

काका शंभर टक्के बरोबर होते. ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट या शहरानं पाहिलेत. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ हे आपल्याला पाठ आहे. आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात असाच एक डबा बॉम्ब समजून पथकानं उडवून दिला. म्हणूनच जागेच्या मालकाची परवानगी हा खेळाचा पहिला नियम आहे. आणि तिवरांत शिरून लपवणं तर विसराच. २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टानं राज्यभर तिवरांची तोड बंद केली, ती ऐकायला दहा जणांच्या बुटांनाही हरकत नसावी.

डब्याविना खजिना

मग आम्ही डबाच काढून टाकला! २००४ पासून ‘अर्थकॅश’ नावाचा प्रकार आहे. त्यात लपवलेलं काही नसतं. जागेवर जायचं, निरीक्षण करायचं, प्रश्नाचं उत्तर द्यायचं. ती आयडिया आम्ही उचलली. आमचा शेवटचा प्रश्न : रस्त्याच्या कडेनंच तिवर बघा, तिची मुळं चिखलातून वर का डोकावतात? उत्तर : चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून ती मुळं वर येऊन श्वास घेतात. बोनस प्रश्न पानाच्या मागच्या बाजूचा. तिथे बोट फिरवून चाटलं की खारट! झाड नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं.

पहिल्या राउंडला अकाउंट्सची टीम जिंकली. वर्षानुवर्षं एसी बसच्या खिडकीतून तिवरं बघणारे सात जण पहिल्यांदा त्यांच्यापाशी थांबले.

तुम्हीही करा

मोबाइलचं जीपीएस पुरतं, वेगळं यंत्र नको. शक्यतो सकाळी जा, पाणी आणि टोपी घ्या. बागेच्या वेळा पाळा, वॉचमनना आधी सांगा. कोड्यात आपल्याच गल्लीतल्या तारखा वापरा, म्हणजे टीमला शोधाशोध करावी लागेल. आणि शेवटी असा प्रश्न ठेवा, ज्याचं उत्तर तिथे गेल्याशिवाय कळणारच नाही. येत्या रविवारी मॉल काही पळून जात नाही!