हातांनी उलगडणारी कथा : यानंतर कोणता गेम खेळावा?

व्हिडिओ गेम म्हटले की धावणे, नेम धरणे आणि गुण मिळवणे एवढेच चित्र बहुतेक मराठी घरांत आजही उभे राहते. त्यामुळे एखादी कादंबरी किंवा नाटक जसे मनात घर करते, तसेच घर करणारे कथाप्रधान गेम गेल्या पन्नास वर्षांत जगभर लिहिले गेले आहेत, ही गोष्ट अनेक चोखंदळ वाचकांच्याही कानावर आलेली नाही. कथाप्रधान गेम म्हणजे ज्यात जिंकणे-हरणे दुय्यम असते आणि पात्रांचे पुढे काय होणार, ही ओढ खेळणाऱ्याला शेवटपर्यंत नेते असा गेम. या प्रकाराची सुरुवात शब्दांपासूनच झाली. १९७० च्या दशकाच्या मध्यास विल क्राउदर या अमेरिकी प्रोग्रामरने केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेच्या आधारे ‘कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ हा गेम रचला, तेव्हा पडद्यावर एकही चित्र नव्हते. गुहेचे वर्णन वाचायचे, एक-दोन शब्दांची आज्ञा टंकायची आणि पुढचे वर्णन उमटण्याची वाट पाहायची, एवढाच त्याचा व्यवहार होता. पुढे चित्रे आली, आवाज आले, संगीत आले. परंतु कथा पुढे सरकायची असेल तर ती ऐकणाऱ्यानेच काहीतरी केले पाहिजे, हे मूळ तत्त्व बदलले नाही.

चांगला कथाप्रधान गेम ओळखण्याची कसोटी याच तत्त्वातून मिळते. कादंबरीत नायक चुकतो तेव्हा वाचक दुरून हळहळतो, तर गेममध्ये ती चूक खेळणाऱ्याच्या बोटांनी घडते. म्हणूनच हाताला दिलेले काम आणि कथेचा आशय एकमेकांना शोभतात की नाही, हे सर्वांत आधी पाहावे लागते. मध्येच खेळणाऱ्याच्या हातून सूत्रे काढून घेऊन सिनेमासारखा दाखवलेला प्रसंग, ज्याला कटसीन म्हणतात, कितीही देखणा असला तरी सारी कथा केवळ त्यातूनच सांगितली जात असेल, तर हातातला खेळ आणि पडद्यावरची गोष्ट या दोन वेगळ्या वस्तू राहतात. पुढील शिफारशी या कसोटीवर निवडल्या आहेत.

ज्याने असा गेम कधीच हाती घेतलेला नाही, त्याने मोबाइलपासून सुरुवात करावी. विरार ते चर्चगेट हे सुमारे ६० किलोमीटरचे अंतर कापायला जलद लोकललाही तासाहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात मेलबर्नच्या माउंटन्स या चमूने २०१८ साली आणलेला ‘फ्लॉरेन्स’ हा गेम आरामात पुरा होतो. फ्लॉरेन्स ही पंचवीस वर्षांची नोकरदार तरुणी आणि क्रिश हा भारतीय वंशाचा चेलोवादक यांची ही प्रेमकहाणी जवळजवळ शब्दांविना सांगितली आहे. पहिल्या भेटीत दोघांचे बोलणे तुकड्यांच्या कोड्यासारखे जुळवावे लागते. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात, कारण बोलणे सोपे झालेले असते. आणि भांडण होते तेव्हा त्याच तुकड्यांना टोकदार कडा फुटतात. संवाद सहज होणे आणि संवाद बोचणे या दोन्ही गोष्टी येथे डोळ्यांआधी बोटांना कळतात.

दुसरी शिफारस ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ या २०१७ च्या गेमची आहे, ज्याला २०१८ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार दिला. आपल्या कुळातील माणसे एकामागून एक अकाली का गेली, हे शोधत एडिथ जुन्या घरी परतते आणि प्रत्येक बंद खोलीत एका माणसाची कथा तिला भेटते. तिचा भाऊ लुईस मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला असतो. त्याच्या प्रसंगात खेळणाऱ्याचा एक हात माशांची डोकी कापत राहतो आणि त्याच वेळी दुसरा हात लुईसच्या कल्पनेतल्या राज्यात वाट काढत असतो, व ते राज्य हळूहळू पडदा व्यापू लागले तरी मासे कापणारा हात सवयीने चालतच राहतो. पाचूबंदर किंवा नायगावच्या किनाऱ्यावर मासळीचे अखंड काम पाहत वाढलेल्या वसईकराला या प्रसंगातील थकवा समजावून सांगावा लागणार नाही. विषय मृत्यूचा असल्याने हा गेम लहान मुलांसाठी नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

घराजवळच्या गेममध्ये पहिले नाव पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेच्या ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’चे येते. लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा २०१७ मधील प्रयत्न फसल्यानंतरही या चमूने काम सोडले नाही, २०२० मध्ये गेम प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठीच्या पुरस्काराचे नामांकन मिळवले. स्वतंत्र, म्हणजे प्रचलित भाषेत इंडी गेम, हा मोठ्या कंपनीच्या भांडवलाशिवाय लहान चमूने केलेला गेम होय. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला ती निघते, दुर्गा तिला त्रिशूळ देते, आणि दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून तिची कथा ऐकू येते. भिंतीवर धावणे आणि खांबाभोवती गिरकी घेणे ही तिची सर्कशीतली कसरतच तिच्या लढाईचे बळ होते, म्हणून हाताचे काम आणि पात्राचे आयुष्य येथे जुळून येते. बाहुल्यांच्या छायानाट्यासारखे प्रसंग आणि वाटेतील भित्तिचित्रे यांमुळे गोष्ट ओळखीची वाटते. शेवट अपुरा वाटतो, हा आक्षेप खरा आहे. तरीही नंतर दिलेल्या हिंदी संवादांमुळे इंग्रजीला बिचकणाऱ्या वाचकाने याच गेमपासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

गोव्यात राहून एकट्याच्या बळावर गेम लिहिणाऱ्या अरमान संधू यांच्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हचा ‘फरगॉटन फील्ड्स’ २०२१ मध्ये आला. लिहायचे सुचेनासे झालेला सिड हा लेखक, विकले जाणारे बालपणीचे घर आणि तेथे जमणारी जुनी मित्रमंडळी, एवढ्याच सामग्रीवर हा गेम उभा आहे. सिड जी नवी कथा मनात रचतो, तिच्यातही खेळणाऱ्याला शिरावे लागते. वाड्या आणि बैठी घरे जाऊन इमारती उभ्या राहताना पाहिलेल्या वसई-विरारच्या पिढीला विकल्या जाणाऱ्या घराची ही गोष्ट परकी वाटणार नाही.

कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची कथा सांगणारा ‘वेन्बा’ हा टोरोंटोच्या विसाई गेम्सचा २०२३ चा गेम दीड-दोन तासांचा आहे आणि त्याला २०२४ मध्ये बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. या कुटुंबातील वेन्बा या नायिकेच्या आईची पाककृतींची वही जीर्ण झालेली आहे, काही ओळी पुसल्या गेल्या आहेत आणि इडलीपासून बिर्याणीपर्यंतचा प्रत्येक पदार्थ उरलेल्या शब्दांवरून ताडून करावा लागतो. पुसलेली ओळ शोधताना खेळणारा प्रत्यक्षात एका पिढीची पुसत चाललेली भाषाच शोधत असतो, आणि म्हणून हा गेम स्वयंपाकाचा असूनही स्थलांतराविषयी बोलतो. वसईत ज्या घरांत सुकेळी आणि बॉटल मसाल्याचे प्रमाण आजीच्या आठवणीत आहे पण कागदावर नाही, त्या घरांनी तो आवर्जून खेळावा.

शेवटची शिफारस सर्वांत महत्त्वाची आहे. अलास्काच्या इनुपियाक लोकांची बोली आणि कथा तरुण पिढीपर्यंत पोहोचाव्यात, म्हणून तेथील कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या संस्थेने स्वतः पुढाकार घेतला आणि २०१४ मध्ये ‘नेव्हर अलोन’ हा गेम जगापुढे आला. नुना ही मुलगी आणि एक पांढरा कोल्हा न थांबणाऱ्या हिमवादळाचे मूळ शोधत जातात. निवेदन इनुपियाक भाषेतच होते, इतरांसाठी खाली इंग्रजी अक्षरे उमटतात, आणि वाटेत त्या समाजातील माणसांचे छोटे माहितीपट खुले होत जातात. मूळ लोककथा रॉबर्ट नसरुक क्लीव्हलँड या कथाकाराने सांगितलेली होती, आणि ती वापरण्यापूर्वी त्यांच्या कन्या मिनी ग्रे यांची परवानगी घेण्यात आली. कथा समाजाची असते आणि तिला हात लावण्याआधी समाजाला विचारायचे असते, हा धडा या गेमने दिला.

हा धडा वसई-विरारला थेट लागू पडतो. मराठीत संवाद असलेले असे गेम आज जवळजवळ नाहीतच; आणि ज्या भागात कादोडी या नावानेही ओळखली जाणारी सामवेदी बोली आणि वाडवळी बोली आजही घराघरांत आहेत, सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत आणि वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज चर्चचे भग्नावशेष उभे आहेत, तेथे कथांची वाण नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकल्यावर येथील चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून नेल्या गेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, भीमाशंकर आणि वाईजवळची मेणवली येथील घंटांशी ही आठवण जोडलेली आहे. एका घंटेमागोमाग वसईहून नाशिकपर्यंत जाणारा, जिंकणाऱ्या शिपायाच्या आणि घंटा गमावणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाच्या अशा दोन्ही नजरांनी खेळता येणारा आणि त्या-त्या घरच्या बोलीत बोलणारा गेम कल्पनेपलीकडचा नाही. पुण्याच्या लहान चमूने आणि गोव्यातील एकट्या लेखकाने जे केले, ते येथील महाविद्यालयांत संगणक शिकणाऱ्या तरुणांनाही करता येईल, कारण गेम इंजिन, म्हणजे चित्र, हालचाल आणि आवाज एकत्र बांधणारी तयार प्रणाली, आज शिकणाऱ्याला विनामूल्य मिळते. जे विकत मिळत नाही आणि दरवर्षी कमी होत आहे, ते आहे बोली जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांचे निवेदन.

म्हणून वाचकांनी यांतील एक गेम निवडून तो घरातील मुलांसोबत बसून खेळावा, आणि तो संपल्यावर आजी-आजोबांना एक कथा त्यांच्याच बोलीत सांगायला लावून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी; वसईचा पहिला कथाप्रधान गेम जेव्हा कधी लिहिला जाईल, तेव्हा त्याला हाच आवाज लागणार आहे.