‘घ’चं पोट

जेवणाच्या टेबलावर जुन्या खिडकीची काच आहे. काचेखाली कागद, कागदावर पेन्सिलनं काढलेली तळहाताएवढी दोन अक्षरं: घर. काचेवर पारदर्शक ओएचपी शीट, चारी कोपऱ्यांना मास्किंग टेपनं चिकटवलेली. पुण्यात नव्या पेठेतल्या या घरात रविवारी सकाळी भाची कटर हातात धरून टेबलावर वाकली आहे. बशीतले पोहे निवत चाललेत, पण तिचं लक्ष नाही. मैत्रिणीच्या वास्तुशांतीला उशांचे सहा अभ्रे द्यायचेत. प्रत्येकावर हा एकच शब्द, स्वतः छापलेला.

शेवटचं वळण कापून होतं आणि ती शीट अलगद उचलते. ‘र’ स्वच्छ सुटलाय. ‘घ’ही सुटलाय, पण त्याच्या आतला वालाच्या दाण्यासारखा एक तुकडा काचेवरच पडून आहे.

“मावशी, घचं पोट गळालं गं!”

मावशी शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्तीनंतर या टेबलावर कुर्ते, ओढण्या, पडदे, कापडी पिशव्या, कुंड्या असं काय काय रंगून गेलंय. त्या चहाचा कप बाजूला ठेवून शेजारी येऊन बसतात. “गळणारच. त्याला धरायला तू काही ठेवलंच नाहीस.”

स्टेन्सिलचं सगळं काम या एका वाक्याभोवती फिरतं. इथे अक्षर म्हणजे भोक. जे कापून काढलं, तिथूनच रंग जाणार. ‘घ’चं पोट चारी बाजूंनी रेघेनं वेढलेलं असतं. रेघ कापली की पोट पाण्यातल्या बेटासारखं सुटं होतं आणि पडतं. मग कापडावर अक्षर न उमटता नुसता डाग उमटतो. बेट जागेवर राहायला त्याला बाहेरच्या शीटशी जोडणारी एक चिंचोळी पट्टी कापायची सोडावी लागते. तिला पूल म्हणतात. कापायचं काय ते मूळ चित्रातच दिसत असतं. सोडायचं काय, ते मात्र करणाऱ्यानं ठरवायचं असतं.

भाची दुसरी शीट घेते आणि सगळ्यात सोपी वाटणारी जागा निवडते, पोटाच्या बरोबर वरची शिरोरेघ. तिथे तीन मिलिमीटरचा पूल सोडून बाकीचं कापते. या वेळी पोट हलत नाही. ती खुशीत शीट पांढऱ्या कागदावर ठेवते, स्पंजनं थोडा रंग टिपते आणि उचलून बघते. कागदावर स्पष्ट वाचता येतं: धर.

देवनागरीतली ही गंमत कटर हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पहिलीच्या वर्गात बाई बजावून सांगतात, की भ, ध आणि थ यांच्या डोक्यावरची रेघ तोडायची, नाहीतर त्यांचा म, घ आणि य होईल. वाचणाऱ्याचा डोळा त्या तुटलेल्या रेघेवरच तर अक्षर ओळखतो. म्हणजे स्टेन्सिलच्या दृष्टीनं भ, ध, थ ही तयार अक्षरं. त्यांचा पूल लिपीनं आधीच सोडलेला आहे, पोट गळायची भीती नाही. आणि त्यांच्या म, घ, य या जोडीदारांना मात्र नेमक्या त्याच जागी पूल देऊन चालत नाही. इंग्रजी ‘ओ’ला वर, खाली, बाजूला कुठेही पूल द्या, तो ‘ओ’च राहतो. आपल्याकडे पूल चुकला की शब्द बदलतो.

मावशी तिसऱ्या शीटवर मार्करनं खूण करतात. ‘घ’चं पोट खाली जिथे दांड्याला टेकतं, तिथे. रेघ दांड्यापर्यंत न नेता जराशी आधीच थांबवायची. डोळा तेवढी फट आपसूक भरून घेतो आणि ‘घ’ हा ‘घ’च राहतो.

असे तुटके घ आणि म पूर्वी रोज नजरेखालून जायचे. मार्केट यार्डातल्या गोणपाटाच्या पोत्यांवर, कोकणातून येणाऱ्या आंब्याच्या लाकडी पेट्यांवर पत्र्याच्या छापानं मारलेला मार्का असायचा. कापलेला पत्रा, काळा रंग आणि आखूड केसांचा ब्रश, एवढंच सामान. अक्षरांमधल्या त्या फटी म्हणजे हेच पूल. अमेरिकेत तर या फटींची पुढे शैलीच झाली. १९३७ साली तिथे ‘स्टेन्सिल’ याच नावाचे दोन छपाईचे टाइप एकामागोमाग एक बाजारात आले. शिशाच्या खिळ्याला पुलाची काहीच गरज नव्हती, तरी अक्षरं खोक्यांवरच्यासारखी मुद्दाम तुटकी पाडली होती. देवनागरीत कुणी असा टाइप करायला बसलं, तर पहिली अडचण घ आणि ध यांचीच येईल.

कापण्याचीही एक रीत आहे. भाची पहिल्यांदा कटर फिरवत होती आणि वळणावर पातं घसरत होतं. मावशी तिचा हात जागच्या जागी ठेवायला लावतात आणि शीट फिरवायला सांगतात. पातं स्वतःकडे ओढलं जातं, शीट त्याच्याखालून वळत जाते, आणि ‘र’ची शेपटी एका दमात निघते. आधी आतले बारीक काप घ्यायचे, मग बाहेरचे लांब. उलट केलं तर शीट लुळी पडते आणि बारीक काप घेताना ताण खाऊन फाटते. कटरचं पातं बोथट वाटलं की टोक मोडून टाकायचं, तिथे काटकसर करायची नाही. काचेवर पातं लवकर मरतं, पण कड अशी स्वच्छ येते की मावशींना तो सौदा पटतो. मोडलेली टोकं त्या पत्र्याच्या जुन्या डबीत टाकतात आणि झाकण घट्ट लावतात.

शीटसाठी फार खर्च लागत नाही. १०० मायक्रॉनची ओएचपी शीट स्टेशनरीच्या दुकानात सुटी मिळते. कागदाचं स्टेन्सिल दोन-चार छापांत रंग पिऊन मऊ पडतं, प्लास्टिक पुसून पुन्हा वापरता येतं. मावशींच्या आईच्या वेळचे काही नमुने एक्स-रे फिल्मवर कापलेले आहेत. फिल्म ब्लीचच्या पाण्यात ठेवली की वरचा काळा थर सुटतो आणि खाली निळसर, चिवट, पारदर्शक शीट उरते. त्यातली एक कोयरी आजही चालते. तिच्या आतल्या प्रत्येक पाकळीला नखाएवढा पूल आहे, आणि एक तुटलेला पूल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून सांधलेला आहे.

आता कापड. अभ्रे सुती आहेत, काल धुऊन वाळवलेले. नव्या कापडाला खळ असते आणि खळीवर बसलेला रंग पहिल्या धुण्यातच खळीबरोबर निघून जातो. इस्त्री केलेल्या अभ्र्याच्या आत पुठ्ठा सरकवायचा, म्हणजे रंग मागच्या बाजूला उतरत नाही आणि कापडही ताठ राहतं. त्यावर स्टेन्सिल टेपनं बसवायचं.

नवशिक्याचं काम बिघडतं ते यापुढच्या दोन मिनिटांत. भाची फॅब्रिक कलरची बाटली बशीत उपडी करते आणि सवयीनं पाण्याची वाटी जवळ ओढते. मावशी वाटी उचलून थेट मोरीत नेऊन ठेवतात. कापड म्हणजे दोऱ्यांचं जाळं. पातळ रंग दोऱ्यादोऱ्यानं सरकत शीटच्या खाली शिरतो, जशी दिव्यातली वात तेल ओढते. मग कडेला मिशा फुटतात. त्यामुळे रंग बाटलीत असेल तेवढाच दाट ठेवायचा आणि अगदी थोडा घ्यायचा. भांडी घासायच्या नव्या स्पंजचा काडेपेटीएवढा तुकडा रंगात टेकवायचा, लगेच वर्तमानपत्रावर पाच-सहा वेळा टिपायचा, आणि कागदावर फिकट, रवाळ ठसा दिसायला लागला की मगच कापडाकडे वळायचं. स्पंज ओढायचा नाही. सरळ वरून खाली, टप् टप् टप्, कडेकडून मधे. ओढला की तो पुलाची कड उचलतो आणि रंग खाली ढकलतो.

पहिल्या थरानंतर अक्षर फिकट दिसतं. भाचीला अजून रंग घ्यावासा वाटतो. मावशी थांबवतात, पंखा लावतात, थोडं वाळू देतात, मग तसाच दुसरा पातळ थर. एकच जाड थर दिला तर वाळल्यावर कापड तिथे पापडासारखं कडक होतं आणि घडीवर तडकतं. हा रंग कापडात मुरून रंगवणारा नाही. त्यातलं पाणी उडून गेलं की ॲक्रिलिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून दोऱ्याभोवती पापुद्रा धरतात. पापुद्रा जितका पातळ, तितका तो कापडाबरोबर वाकतो. गडद कापडावर हेच रंग मंद दिसतात. तिथे आधी पांढऱ्याचा थर आणि तो वाळल्यावर हवा तो रंग.

शीट उचलायची वेळ येते. एका कोपऱ्यापासून, सरळ वर. गेरूच्या रंगाचं ‘घर’ खादीसारख्या पांढऱ्या कापडावर बसलेलं असतं. कडा धारदार, मधला भाग किंचित रवाळ, आणि ‘घ’च्या पोटाजवळ ती बारीकशी फट. भाची विचारते, ब्रशनं भरून टाकू का? अनेकजण भरतात. पण स्पंजनं टिपलेला रंग रवाळ असतो आणि ब्रशचा गुळगुळीत, त्यामुळे भरलेली जागा ठिगळासारखी डोळ्यांत खुपते. भिंतीवर रोलरनं काम केलं असेल तर ठीक आहे, तिथे फट बुजवता येते. कापडावर पूल तसाच राहू द्यावा. तो या कामाचा टाका आहे, आणि टाका दिसला म्हणून गोधडी कमी सुंदर होत नाही.

बेटाच्या प्रश्नावर इतर हातांनी वेगळी उत्तरंही काढली आहेत. तुळशीबागेत मिळणारा रांगोळीचा छाप घ्या. लक्ष्मीची पावलं असोत की गोपद्म, रेघ सलग नसतेच, टाचणीएवढ्या भोकांची रांग असते. दोन भोकांमधली प्रत्येक जागा म्हणजे पूल, त्यामुळे कमळाची कितीही बंदिस्त पाकळी काढा, काही गळत नाही. आरीवर्कच्या क्लासमध्ये ब्लाउजच्या गळ्याची नक्षी उतरवतात तीही अशीच. ट्रेसिंग पेपरवर सुईनं भोकं पाडायची, रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड बोळ्यानं वरून घासायची, की खाली ठिपक्यांची नक्षी तयार.

जपानच्या कारागिरांनी तर कमालच केली. मिए प्रांतातल्या सुझुका शहराच्या परिसरात किमोनोसाठी ‘कातागामी’ नावाची स्टेन्सिलं कापली जातात. हातकागदाचे थर पर्सिमॉन या फळाच्या तुरट रसानं एकावर एक चिकटवून चिवट, तपकिरी कागद करतात आणि त्यात नक्षी कोरतात. छापतात ती भाताची खळ. जिथे खळ बसते तिथे कापड रंग घेत नाही, आणि धुतल्यावर नक्षी मूळ रंगात उरते. पट्ट्यांची नक्षी इतकी बारीक असे की पुलाला जागाच नसे. म्हणून कागदाचे थर वेगळे करून त्यांच्यामध्ये रेशमाचे धागे ताणायचे आणि थर पुन्हा चिकटवायचे. धागा बेट धरून ठेवतो, आणि इतका बारीक असतो की खळ त्याच्याखालून एकसंध होते. लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगच्या चौकटीत जाळी हेच काम करते. प्रत्येक बेट जाळीवर बसलेलं असतं, पूल लागतच नाही.

पण म्हणून सगळंच स्टेन्सिलनं करावं असं नाही. बाजारात वारलीची तयार स्टेन्सिलं ढिगानं मिळतात, आणि ती सोपीही पडतात, कारण वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. त्यात पोट नाही, बेट नाही. मात्र एकाच स्टेन्सिलनं तारप्याचा फेर छापला की तीस माणसं एकाच कोनात वाकतात आणि नाच थिजतो. मूळ चित्र गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, बांबूच्या काडीनं, मोकळ्या हातानं काढलेलं असतं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतला माणसांचा घोळका पाहावा, ती माणसं चालताना, वाकताना, धावताना दिसतात. मावशी पडद्यावर वारली काढतात तेव्हा काठाची त्रिकोणी नक्षी स्टेन्सिलनं छापतात आणि माणसं हातानं काढतात. या कलेचा मान राखायचा तर एवढी वाटणी हवीच.

दुपारपर्यंत सहाही अभ्रे गॅलरीतल्या दोरीवर जातात. उन्हात नाही, सावलीत. उद्या उलट्या बाजूनं, वाफ न देता, कॉटनच्या तापमानावर प्रत्येकाला तीन-चार मिनिटं इस्त्री फिरवायची. ती उष्णता पापुद्रा पक्का करते. त्यानंतरही दोन-तीन दिवस पाणी दाखवायचं नाही. चौथ्या अभ्र्यावर ‘र’च्या शेपटीजवळ रंग जरा पसरलाय. भाचीनं स्पंज टिपायची घाई केली होती. तो अभ्रा ती मैत्रिणीला न देता स्वतःला ठेवणार आहे.

टेबल आवरताना मावशी गळून पडलेलं ते पहिलं पोट उचलून पाकिटात ठेवतात. पाकिटात असे बरेच तुकडे आहेत, पानं, चंद्र, पाकळ्या. ते कापडावर ठेवून भोवती रंग टिपला की उलटा ठसा मिळतो, भोवताल रंगीत आणि आकार कोरा.

भाचीच्या डोक्यात पुढचा शब्द तयार आहे. आजीच्या खोलीच्या पडद्यावर ‘आजोळ’ छापायचं. ती कागदावर मोठ्या अक्षरात लिहिते आणि कटरकडे हात जाण्याआधी क्षणभर थांबते. ‘आ’ मोकळा, ‘जो’ मोकळा. मग ‘ळ’वर येते, त्याच्या दोन्ही पोटांवर पेन्सिलनं एकेक फुली करते, आणि मावशींकडून मार्कर मागून घेते.