धूम्रपानत्याग आणि शिक्षण

धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या अहवालाने १९६४ साली जाहीर केले. त्यानंतर तेथील उच्चशिक्षितांत धूम्रपान झपाट्याने घटले. अल्पशिक्षितांत मात्र सावकाश. याचे कारण इच्छेचा अभाव नव्हे. सोडण्याचा प्रयत्न अल्पशिक्षितही करतात. परंतु कष्टाचे व चिंतेचे जीवन, ओढणाऱ्यांची संगत आणि वैद्यकीय साहाय्याची उणीव यांमुळे तो अधिक वेळा फसतो. आपल्या खेड्यांतही हेच अडथळे आहेत. म्हणून विडी ओढणाऱ्या पालकास शिक्षकांनी अज्ञानी म्हणून हिणवू नये. विडी सोडण्याचा दिवस ठरवून तो घरच्यांस सांगण्यास सुचवावे व १८००-११२-३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेची माहिती द्यावी. प्रयत्न फसल्यास पुन्हा धीर द्यावा.