हिवाळी परसबाग : बियाण्यांची निवड

शालेय आहारात ताजी भाजी यावी म्हणून दिवाळीनंतर शाळांतून परसबागा केल्या जातात. परंतु बियाण्यांची निवड व पेरणीची रीत चुकल्यास हंगाम वाया जातो. गाजर व मुळा यांचे बी कायम जागीच पेरावे; रोपे उपटून लावल्यास मुळांना फाटे फुटतात. टोमॅटो व कोबी यांची रोपे मात्र गादीवाफ्यावर तयार करावीत. मेथी महिनाभरात काढणीस येते. ती दर दहा दिवसांनी थोडी थोडी पेरल्यास भाजीत खंड पडत नाही. धने रगडून, दोन भाग करूनच पेरावेत. मेथी-कोथिंबिरीचा एखादा वाफा न खुडता राखल्यास पुढील वर्षाचे बी शाळेचेच होते. कोबीचे तसे नाही. त्याला फुलोऱ्यावर येण्यास दीर्घ व कडक थंडी लागते. ती महाराष्ट्राच्या सपाटीवर मिळत नाही. त्यामुळे कोबीच्या बियाण्यासाठी दरवर्षी खर्चाची तरतूद करावी लागते.